स्ट्राविन्स्कीचा शिमगा

'द राइट ऑफ स्प्रिंग'चं कुठलं ध्वनिमुद्रण खरं, यावरून जगभरच्या शौकिनांत अबोले धरले जातात. रत्नागिरीत तो धोका नाही. इथे अबोला धरायला आधी बोलणारा दुसरा माणूस सापडायला हवा!

इगोर स्ट्राविन्स्कीचं हे बॅले-संगीत २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजलं. वसंतासाठी एका मुलीला मरेपर्यंत नाचवतात, अशी त्यातली गोष्ट. निजिन्स्कीने बसवलेला नाच पाहून प्रेक्षकांनी इतका हलकल्लोळ केला, की वाद्यवृंद ऐकू येईना. पॅरिसवाले त्याला दंगल म्हणतात आणि शंभर वर्षं पुस्तकं लिहितात. आम्ही त्याला शिमगा म्हणतो आणि दर फाल्गुनात करतो. त्या साली ब्रह्मदेशाचा थिबा राजा इथल्या राजवाड्यात नजरकैदेत होता. १८८६ पासून रत्नागिरीचे ढोल आणि बोंबा ऐकत आलेल्या त्या बिचाऱ्याला पॅरिसची बातमी कुणी सांगितली असती, तरी त्याने कूस बदलली नसती.

म्हणून ध्वनिमुद्रण निवडायचा निकष मी ठरवला तो शिमग्याचाच. पालखी खांद्यावर नाचायला लागली की आता पडते की काय, असं पोटात होतं. पडत नाही, पण होतं. ध्वनिमुद्रणात ते पोटात होणं हवं.

वाद्यवृंद-संचालक कारायानचं साठच्या दशकातलं बर्लिनचं मुद्रण देखणं आहे. पालखी धरणाऱ्या एकाच्याही सदऱ्याची इस्त्री मोडत नाही. खुद्द स्ट्राविन्स्कीनेच त्यावर नाक मुरडलं होतं; यातला रानटी माणूस पाळीव आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. बुलेझचं क्लीव्हलंडचं, १९६९चं. मात्रा न् मात्रा जागच्या जागी; शिमग्याची वर्गणी या माणसाकडे निर्धास्त ठेवावी. मग वाटलं, करणाऱ्याचंच घ्यावं. पण स्ट्राविन्स्कीने ते स्वतःच १९२९, १९४० आणि १९६० असं तीनदा ध्वनिमुद्रित केलंय, आणि तिन्हींचे वेग सारखे नाहीत. म्हणजे मानकऱ्यांचा वाद घरातच!

तबला शिकवणारे शेजारचे काका एका संध्याकाळी माझ्या तावडीत सापडले. दुसऱ्या भागात वाद्यवृंद एका दमात अकरा घाव घालतो. काकांनी ते मांडीवर मोजले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, हा तर रुद्र ताल!"

पुढच्या क्षणी मात्रा बदलल्या, मग पुन्हा बदलल्या. काकांचा हात हवेतच राहिला.

"सम कुठाय हो याची?"

"नाहीये, काका."

"मग ते शंभर जण एकत्र थांबतात कसे?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चहा मात्र त्यांनी घेतला नाही.

शेवटी झुबिन मेहतांकडे आलो. तेही साल १९६९च, वाद्यवृंद लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक. मुंबईत १९३६ साली जन्मलेला माणूस वसंतात ढोल वाजवायला निघाला, म्हणजे आमच्या हिशेबी तो चाकरमानीच. जातीने पारशी असला म्हणून काय झालं! आणि चाकरमान्याचा जोर गावातल्याला नसतो. वर्षभर लोकलमध्ये दाबून ठेवलेलं सगळं तो होळीच्या माळावर मोकळं करतो. मेहतांचं तसंच झालंय. पितळी वाद्यं अंगावर येतात, ढोल छातीत वाजतो आणि पालखी दोनदा तरी पडते की काय असं वाटतं. घेतलं.

घरी लावलं तेव्हा आई आमसुलं निवडत होती. शेवटचा नाच होईपर्यंत गप्प होती. गोष्ट सांगितल्यावर म्हणाली, "एवढी नाचली पोर, आणि मेल्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही?" मग जरा थांबून, "ढोलवाला मात्र चांगला आहे हो. कुठल्या वाडीचा?"