मायनामीमांसा

मीमांसकांनी कोणत्याही वादाची पाच अंगे ठरवून दिली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. वेदवाक्यांसाठी घडवलेले हे हत्यार पत्राच्या पहिल्या दोन ओळींवर आजवर कोणी उपसले नाही, याचे आम्हांस सखेद आश्चर्य वाटते. इतिहाससंशोधकांनी जुन्या पत्रांतल्या लढाया वाचल्या, तह वाचले, कर्जाचे आकडे वाचले. मायना मात्र 'नेहमीचाच' म्हणून सोडून दिला. पुष्कळ छापील पत्रसंग्रहांत तर तो गाळूनच पत्र छापले आहे. वरात छापावी आणि नवरदेव गाळावा, त्यातलाच हा प्रकार. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत अल्प प्रबंध.

विषय

पेशवाईतले पत्र कसे सुरू होई, हे आधी पाहू. माथ्यावर एकटी 'श्री'. तिच्याखाली मोडीतली पहिली लांब रेघ आणि त्या रेघेला लोंबकळणारी अक्षरे : 'राजश्री अमुक गोसावी यांसी, अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य स्नेहांकित तमुक रामराम विनंती उपरि येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे विशेष.' या 'विशेष'पर्यंत लिहिणाऱ्याने काहीही सांगितलेले नसते आणि सर्व काही सांगितलेले असते. शेवटी 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती.' ('बहुत काय लिहिणे' हे पुष्कळ लिहून झाल्यावरच लिहिण्याची रीत आहे. तिची मीमांसा आम्ही विस्तारभयास्तव सोडली.)

मायन्याचा मर्मभाग म्हणजे त्यातले वंदन. वडिलांना साष्टांग नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, धन्याला 'सेवेसी विनंती', ब्राह्मणाने ब्राह्मणाला नमस्कार, मराठे सरदाराने ब्राह्मणाला दंडवत, एका सरदाराने दुसऱ्या सरदाराला रामराम. जात, वय, नाते, हुद्दा आणि थकलेली बाकी, इतक्या गोष्टींचा हिशेब करून हा एक शब्द निघे. साताऱ्याहून छत्रपतींचे पत्र आले, की त्यात वंदन नसेच. राज्याभिषेक शक, 'क्षत्रियकुलावतंस', नाव, आणि मग अमुक यांसी 'आज्ञा केली ऐसीजे'.

हे जोखमीचे काम चुकू नये म्हणून यंत्रणाही तशीच होती. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात कारभारी नाना फडणिसांच्या काळी दोनशेहून अधिक कारकून होते. बोरू, शाई, अक्षर वाळवायची वाळू आणि कोणाला कोणता मायना याची तोंडपाठ यादी, एवढ्या भांडवलावर ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या जगली. त्यांनी लिहिलेले कागद पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांत बांधून ठेवले आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले. दफ्तराच्या मानाने हे ४५ खंड म्हणजे अजून मायनाच झाला. मजकूर पुढेच आहे.

संशय

आता शंका अशी, की मायना हा पत्राचा दागिना आहे, की पत्रच? दागिना असेल तर काढून ठेवला तरी चालेल. पत्र असेल तर खालचा मजकूर हाच दागिना ठरतो, आणि इतिहाससंशोधकांनी आजवर भलत्याच गोष्टीचा अभ्यास केला, असे कबूल करावे लागते. दुसरा पर्याय आम्हांस अधिक मोहक वाटतो. पण शास्त्रात मोहाला प्रमाण मानत नाहीत.

पूर्वपक्ष

पूर्वपक्षी म्हणतो : मायना हे दरबारी थोतांड आहे. राजे गेले की तो जाईल. पुरावा म्हणून तो अमेरिकेकडे बोट दाखवतो. ज्या वर्षांत पुण्यात नाना कारभार पाहत होते, त्याच वर्षांत पलीकडे एक राजाविना राज्य उभे राहिले. एप्रिल १७८९मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्कला शपथ घेतली. मे महिन्यात त्यांच्या सिनेटपुढे पहिल्या मोठ्या प्रश्नांपैकी जो एक आला, तो करांचा नव्हता की सैन्याचा नव्हता. अध्यक्षांना संबोधायचे काय, हा तो प्रश्न. उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांना भारदस्त किताब हवा होता. सिनेटच्या समितीने सुचवलाही : 'हिज हायनेस, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे संरक्षक.' मराठी कारकुनाने हा मायना पाहिला असता, तर 'अखंडितलक्ष्मी' तेवढी राहिली, असा शेरा मारला असता. पण प्रतिनिधिगृह अडून बसले, सिनेटने माघार घेतली आणि नुसते 'अध्यक्ष' राहिले. अंगाने गुटगुटीत असलेल्या अ‍ॅडम्स यांना मात्र 'हिज रोटंडिटी', म्हणजे श्रीमंत गोलाकार, असा किताब टवाळांनी बिनविरोध बहाल केला.

पूर्वपक्षी पुढे म्हणतो : त्या राज्याचे परराष्ट्रखाते पाहा. मार्च १७९०मध्ये थॉमस जेफरसन तिथे रुजू झाले तेव्हा हाताशी मूठभर कारकून. तेवढ्यांवर लंडन, पॅरिस, माद्रिद सांभाळायचे. माद्रिदचा वकील विल्यम कारमायकेल तर इतका काटकसरी, की पत्रेच येत नाहीत म्हणून जेफरसन यांना तक्रार करावी लागे. तरी राज्य बुडाले नाही. सारांश, मायन्याशिवाय चालते. कारमायकेलच्या बाबतीत तर पत्राशिवायही चालते.

उत्तरपक्ष

हा युक्तिवाद वरवर पक्का दिसतो. आता त्याच्याच पुराव्याने त्याचे खंडन करू.

पहिला दाखला जुलै १७७६चा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा होऊन पंधरवडाही झाला नव्हता. न्यूयॉर्कच्या बंदरात ब्रिटिश आरमार येऊन उभे. लॉर्ड हाऊ यांनी समेटाचे पत्र पाठवले आणि वर पत्ता घातला : 'जॉर्ज वॉशिंग्टन, एस्क्वायर.' वॉशिंग्टन यांच्या माणसाने पत्र घेतलेच नाही. या नावाचा एस्क्वायर आमच्या फौजेत नाही, जनरल आहे! मग पुढचे पत्र आले, त्यावर 'जॉर्ज वॉशिंग्टन, एस्क्वायर, इत्यादी, इत्यादी.' तेही परत. शेवटी ब्रिटिशांचा कर्नल पॅटरसन समक्ष येऊन समजावू लागला, की या 'इत्यादीं'मध्ये आपल्याला हवे ते सगळे येते. वॉशिंग्टन म्हणाले, खरे आहे. सगळे येते, आणि काहीही येते. बंदरात तोफा लागलेल्या असताना आतला मजकूर न वाचता मायन्यावरून पत्र परत करणाऱ्या या पुरुषास आम्ही मरणोत्तर सदाशिवपेठकर घोषित करतो.

दुसरा दाखला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस यांचा. १७८१मध्ये यॉर्कटाउनला याच वॉशिंग्टनपुढे त्यांना शस्त्रे ठेवावी लागली. युद्ध थांबवण्याची विनंती करणारे त्यांचे पत्र शिस्तीत 'आपला अत्यंत आज्ञाधारक आणि नम्र सेवक' असेच संपले. पराभूत सेनापती दोन दिवसांनी खरोखरच आज्ञाधारक होणार होता, म्हणजे मायना सत्याच्या इतक्या जवळ क्वचितच आला असेल. हेच गृहस्थ १७८६मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आले. त्याच साली चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्याला आला आणि संगमावर राहिला. १७९०मध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी यांचा तह झाला. सोळा वर्षांच्या सवाई माधवरावांच्या हाती मॅलेट तो तह देत आहे, असे चित्र पुढे टॉमस डॅनियल याने रंगवले. शनिवारवाड्यातला तो दरबार नीट पाहावा. कोण कुठे बसला, कोण किती वाकला, कोणाच्या पायांत काय आहे. तहाची कलमे चित्रात एकही दिसत नाहीत. सारा मायनाच आहे.

इंग्रजांमुळे मायनाशास्त्रात पेचही पडला. टोपीकराला रामराम घालावा, की आशीर्वाद द्यावा? नमस्कार करावा तर तो कोणत्या शाखेचा? व्यवहारात फारशी भाषा कामाला आली. तिच्यातले किताब धर्म पाहत नसत. क्लाइव्ह फारशी कागदांत 'साबितजंग' होऊन गेला होता. आपल्या नावाचा अर्थ कळण्याआधीच तो नवाबी झाला, हे या शास्त्राचे सामर्थ्य.

तिसरा आणि निर्णायक दाखला पुण्याचाच, जून १७९२चा. महादजी शिंदे उत्तरेतून आले ते बादशहा शाह आलम याच्याकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक'चे फर्मान आणि किताब घेऊन. फर्मानबाडी उभी राहिली, थाट झाला. नाना फडणिसांनी हरकत कशावर घेतली? किताबांवर, त्यातही 'महाराजाधिराज' या किताबावर. पेशवे साताऱ्याच्या छत्रपतींचे सेवक. सेवक महाराजाधिराज झाला, तर साताऱ्यास पत्र लिहिताना 'सेवेसी विनंती' कोणत्या तोंडाने लिहायची? अखेर साताऱ्याची संमती आणून समारंभ पार पडला. सातारचे दुसरे शाहू महाराज किल्ल्यावर जवळजवळ नजरकैदेत होते, खर्चाला पुण्याकडे पाहत होते. तरी पेशव्यांची वस्त्रे साताऱ्याहूनच यायची आणि पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव, मग स्वतःचे. फौज पुण्याची, खजिना पुण्याचा, दफ्तर पुण्याचे. साताऱ्याकडे उरला होता फक्त मायना. त्या एका मायन्यावर पेशवाईचा हक्क उभा होता. न्यूयॉर्कच्या सिनेटने किताबावर वाद घातला १७८९मध्ये, पुण्याने १७९२मध्ये. दोघांनाही मोठा किताब सहज पचला नाही. कारणे मात्र उलटी : तिकडे वर कोणी राजा नव्हता म्हणून, इकडे होता म्हणून.

राहिला पूर्वपक्षीचा शेवटचा मुद्दा, की प्रजासत्ताकात मायना सुटतो. जून १८०४मध्ये त्याच अमेरिकेतले दोन पुढारी, अ‍ॅरन बर आणि अलेक्झांडर हॅमिल्टन, यांच्यात एका अपमानावरून पत्रापत्री झाली. पत्रागणिक भाषा तापत गेली, पण सहीआधीचे 'आपला आज्ञाधारक सेवक' कोणी गाळले नाही. ११ जुलैला द्वंद्वात एका आज्ञाधारक सेवकाने दुसऱ्या आज्ञाधारक सेवकाला गोळी घातली. मजकूर हरला, हॅमिल्टन गेले, मायना शाबूत राहिला. यापेक्षा बळकट प्रमाण आम्हांस ठाऊक नाही.

एक उपपत्ती

येथे आम्ही विद्वानांपुढे एक नवी उपपत्ती ठेवतो. ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव पेशवे इंग्रजांच्या माल्कमच्या स्वाधीन झाले. फड मोडला. कोणाला कोणता मायना, हे ज्ञान जवळ असलेली आणि ते लिहायला पत्र नसलेली एवढी माणसे एकाच गावात एकदम मोकळी झाली. त्यांच्या वंशजांनी काय केले असेल? त्यांनी पाट्या लिहिल्या. पुणेरी पाटी म्हणजे वरून मायना आणि खालून 'लोभ असो दीजे' छाटलेले पत्र. 'येथे वाहने लावू नयेत' हे वाक्य स्वतःहून कठोर नाही. त्याआधी 'राजमान्य राजश्री वाहनधारक गोसावी यांसी' घातले, तर तेच सलोख्याचे बोलणे होते. पाटी बोचते ती मजकुराने बोचत नाही, मायन्याच्या अभावाने बोचते. या उपपत्तीला पुरावा काहीही नाही. त्यामुळे तिचे खंडनही कोणाला करता येणार नाही.

उलट जिथे मायना टिकला, तिथे शांतता टिकली. शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नात मायन्याला गुण असतात, मुलगा 'ति. बाबांस सा. न. वि. वि.' लिहून मोकळा होतो आणि सहलीचे पैसे मागणारा मजकूर कसाही असला तरी चालतो. लग्नपत्रिकेत 'चि.', 'चि. सौ. कां.' आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढे जागेवर असेल, तर मुहूर्त चुकीचा छापलेला माफ होतो; मामांच्या नावाआधीचा 'श्री.' राहून गेला, तर ते दोन पिढ्या माफ होत नाही. गृहनिर्माण संस्थेत पाण्याच्या टाकीवरून बिनसले आहे, हे कळायला पत्र वाचावे लागत नाही. गेल्या पत्रात 'मा. सचिव महोदय' होते, या पत्रात नुसते 'सचिव' आहेत, आणि पुढच्यात 'प्रत माहितीसाठी : उपनिबंधक' येणार आहे.

निर्णय

येणेप्रमाणे सिद्ध झाले, की मायना हेच पत्र होय. मजकूर हा त्याला जोडलेला तपशील. राज्ये मजकुराने एकत्र येतात हे खरे, पण रुसतात ती मायन्याने, आणि पुण्यात रुसणे हेच राजकारणाचे निम्मे अंग असल्यामुळे हा निर्णय येथे तरी अंतिम समजावा. पुढे येणाऱ्या संपादकांनी जुनी पत्रे छापताना मायना छापावा आणि जागा अपुरी पडल्यास मजकूर गाळावा, अशी शिफारस आहे. या प्रबंधाचे खंडन करू इच्छिणाऱ्या विद्वानांनी पत्र अवश्य पाठवावे. मायना चोख असल्यास पत्र स्वीकारले जाईल; आतला मजकूर वाचलाच जाईल, याची हमी नाही.