मुहूर्त पुढे ढकलला आहे

चांदबीबी महालाची चढण रोज पहाटे चढायची, असं आमच्या नगरातल्या एका गृहस्थांनी ठरवलं, त्याला बराच काळ लोटला. अख्खा पावसाळा बुटांच्या अभ्यासात गेला. सोल कसा, घोट्याला आधार किती. बूट आले, तर मनगटावरचं घड्याळ पावलं कमी मोजू लागलं. मोजलीच जाणार नसतील तर ती टाकायची कशाला? रोजनिशीही आणली होती. पहिल्याच पानावर अक्षर वाकडं आलं, म्हणून पान फाडलं. आता फाटकी वही कोण वापरणार?

याच गावच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून नेहरू स्थानबद्ध होते. जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली. तरी रोज भर उन्हातही खणून ते फुलांचे वाफे करत. लिखाणाला बसायला त्यांनीही वीसेक महिने लावले, हे आमच्या गृहस्थांच्या बाजूने नोंदवून ठेवू. पण १९४४च्या एप्रिलात बसले ते पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहूनच उठले. त्याच कैदेत मौलाना आझाद भल्या पहाटे स्वतःचा चहा स्वतः करून पत्रं लिहीत. ती टपालात पडणार नव्हती, तरीही. पुढे त्या पत्रांचंच ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झालं.

गृहस्थांना हे ऐकवलं. “त्यांना काय, वेळच वेळ होता,” म्हणाले. “आपलं पाडव्यापासून नक्की.”

कुठल्या पाडव्यापासून, ते मात्र विचारू नका.