पराक्रमाचे नळकांडे

अमेरिकन कारखानदारांनी 1964च्या सुमारास साध्या मोटारीच्या उदरात अवाढव्य इंजिन कोंबून जी दांडगी ‘मसल कार’ लोकप्रिय केली, आणि जिच्या अंगी आणखी चार अश्वांचे बळ यावे म्हणून तिकडचे हौशी अद्यापही नवनवे सुटे भाग विकत घेतात, तिच्या समग्र यंत्रविद्येतून आमच्या नांदेड-लातुरास एकच अंश भावला, आणि तो म्हणजे आवाज. मस्टँगसारख्या मसल कारची सुमारे 400 अश्वशक्ती ज्यांच्या ऐपतीबाहेरची, त्यांनी सुमारे 20 अश्वशक्तीच्या बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर उतरवून जागी पोकळ नळकांडे बसवावे, आणि वजिराबादेत वा गंजगोलाईत असे फटाके फोडीत फिरावे की ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीत नीटची तयारी करणाऱ्या पोरास ध्वनिलहरींचा धडा प्रात्यक्षिकासह मिळावा, हा लोकशिक्षणाचा उपक्रम खचितच स्तुत्य होय. (एवढ्याने वेग वाढत नाही; पण वेग हवा होता कोणाला?)

सरकारदरबारी मात्र या कलेची कदर नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 असल्या फेरफारास मज्जाव करते, 2019च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमर्यादेच्या उल्लंघनास 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि राज्यातील अनेक शहरांत पोलीस जप्त मुद्देमाल रस्त्यावर ओळीने मांडून त्यावर रोडरोलर फिरवितात. तेव्हा खरेदीदारांनी दुकानदाराची पावती तेवढी जपून ठेवावी. पंचनाम्यात किंमत नमूद करताना जमादारसाहेबांची सोय होते.