संपलं!

सकाळी साडेसहाला दूध येतं, सातला पेपर येतो आणि सव्वासातला नाना काहीतरी संपवतात.

कुठल्या सोसायटीतले नाना, हे विचारायची गरज नाही. कोथरूड असो, सिंहगड रोड असो, नाहीतर डोंबिवली पूर्व. जिथे निवृत्त माणसं आणि वायफाय दोन्ही मुबलक, तिथे एक नाना असतातच. अंगात लेकीने अमेरिकेहून आणलेला कुठल्याशा सॉफ्टवेअर परिषदेचा टी-शर्ट, पायात कोल्हापुरी, हातात फोन. लिफ्टची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाची तर सुटकाच नसते. नाना चष्म्याच्या वरून बघतात, एक उसासा टाकतात आणि आत्ताच वैकुंठ स्मशानभूमीतून परतल्यासारखे म्हणतात, "संपलं!"

काय संपलं, हे समोरच्याने विचारायचं असतं. नाही विचारलं तरी नाना सांगतातच. ईमेल, लॅपटॉप, कीबोर्ड, टीव्ही, एटीएम हे सगळं त्यांनी एकेकदा संपवलेलं आहे. ईमेल तर तीनदा. पुण्यात हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकण्याचा पहिला मान बाकरवडीवाल्यांचा. पण संपलेली बाकरवडी निदान दुसऱ्या दिवशी मिळते. नानांनी संपवलेली वस्तू त्याच दिवशी, त्याच दुकानात, दिवाळी ऑफरमध्ये मिळत असते.

त्यांच्या या शब्दाचा सर्वांत जास्त मार बसला तो पुतण्याला. तो हिंजवडीला नोकरी करतो. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं. नानांनी आठवडाभर त्याची परीक्षा घेतली, भीमरूपीचा अर्थ विचारला, त्यात चार चुका काढल्या आणि तरीही निकाल दिला: "प्रोग्रॅमर संपले." रविवारी पुतण्या जेवायला आला. "तुझी नोकरी संपली रे," नाना म्हणाले, "श्रीखंड घे अजून." पुढे मार्च २०२४मध्ये डेव्हिन नावाचा 'पहिला एआय सॉफ्टवेअर इंजिनीअर' जाहीर झाला आणि पुतण्याची नोकरी दुसऱ्यांदा संपली. त्या दिवशी बासुंदी होती. मधल्या काळात त्याला बढती मिळाली, वाकडला टू बीएचके झाला, मुलगी झाली. नानांच्या हिशेबी मात्र तो २०२२पासून बेकार आहे आणि बिचाऱ्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मेटाव्हर्सच्या वेळी तर नानांनी अख्खी सोसायटी वेठीला धरली होती. २८ ऑक्टोबर २०२१ला फेसबुकच्या मालक कंपनीने आपलं नाव बदलून 'मेटा' केलं, आणि दुसऱ्या दिवशी सव्वासातला एकदम तीन गोष्टी संपल्या: ऑफिस, प्रवास आणि हिंजवडीचा चौक. महिनाभरात बातमी आली, की डिसेंट्रालँड नावाच्या आभासी जगात कोणीतरी सुमारे २४ लाख डॉलरना प्लॉट घेतला. नानांनी लगेच रुपये काढले, अठरा कोटी. "खऱ्या जमिनीचे दिवस संपले," ते म्हणाले. सोसायटीचे सेक्रेटरी महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" नाना गप्प. मग योगवर्गवाल्या काकूंनी मेटाच्या आभासी जगातली माणसं बघितली. तेव्हा त्यांना पाय नव्हते. कमरेपर्यंतच माणूस, पुढे हवा. आपल्याकडच्या भुतांना उलटे का होईना, पाय असतात. "यात सूर्यनमस्कार कसे घालायचे?" काकूंनी विचारलं. नानांकडे याचंही उत्तर नव्हतं. वर्ष-दीड वर्षाने त्यांनी लिफ्टपाशीच जाहीर केलं, "मेटाव्हर्स संपलं." सुरात असं काही, की जणू आपण पहिल्यापासून हेच सांगत होतो. हिंजवडीचा चौक तेव्हाही तुंबलेलाच होता.

घरात खरोखर काय संपलंय, हे मात्र नानांना कधीही माहीत नसतं. ते खातं त्यांच्या बायकोचं, माईंचं. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो, वर शीर्षक 'संपलं', खाली यादी: हिंग, मुगाची डाळ, भांड्याचा साबण. एकदा पुतण्याने साबणाखाली गुपचूप 'ब्लॉकचेन' लिहून ठेवलं. माई वाण्याला फोनवर यादी वाचून दाखवत होत्या, त्या ओघात तेही वाचलं गेलं. वाणी म्हणाला, "ते आपण ठेवत नाही काकू, दुसरं काहीतरी देऊ का?" नानांनी एकदा सकाळी गुगल संपवलं, त्या दिवशी गॅसही संपला होता. गुगलबद्दल ते वीस मिनिटं बोलले. मधे माईंनी फक्त एवढंच म्हटलं, "अहो, त्या गुगलला म्हणावं, जाताना सिलेंडरचा नंबर लावून जा."

आता दोष एकट्या नानांचा, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तंत्रज्ञानाच्या बातमीला क्रियापदंच मुळी दोन: 'आलं' आणि 'संपलं'. 'चालू आहे' ही बातमी होत नाही. अमेरिकेतल्या 'वायर्ड' या नामांकित मासिकाने २०१० साली वेब मेल्याचं मुखपृष्ठावर छापलं. असंख्य लोकांनी ते वेबवरच वाचलं. त्याआधी रॉबर्ट मेटकाफ यांनी तर कमाल केली होती. हे साधे गृहस्थ नव्हेत, संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या इथरनेटचे एक जनक. १९९५ साली त्यांनी स्तंभातून भाकीत केलं, की १९९६मध्ये इंटरनेट कोलमडेल, आणि तसं झालं नाही तर आपण आपले शब्द गिळू. झालं नाही. १९९७ साली एका परिषदेत त्यांनी भर सभेत तो छापील लेख मिक्सरमध्ये पाण्याबरोबर फिरवला आणि खाल्ला.

हा किस्सा नानांनीच घरी सांगितला, हौसेने. माईंनी पूर्ण ऐकून घेतला. तेव्हापासून नाना "संपलं" म्हणाले की माई काही बोलत नाहीत, नुसता मिक्सर पुसून ओट्यावर ठेवतात.

एप्रिल २०२४मध्ये ह्यूमेन कंपनीची एआय पिन आली. किंमत ६९९ डॉलर, शर्टाला लावायची, तळहातावर अक्षरं उमटायची. नाना म्हणाले, "मोबाइल संपला." २८ फेब्रुवारी २०२५ला कंपनीने पिनची सेवा बंद केली आणि ती निव्वळ पिन उरली. नानांनी ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. मोबाइलवरून. मिक्सर.

त्याच वर्षीच्या, म्हणजे २०२४च्या, १९ जुलैचा शुक्रवार हा नानांच्या आयुष्यातला एक सोन्याचा दिवस. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट पाठवलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडून बसले. चोरांपासून राखायला ठेवलेल्या रखवालदाराने घराला आतून कडी लावून घ्यावी, तसला प्रकार. विमानतळांवर रांगा लागल्या. पुतण्या त्या दिवशी कामासाठी निघाला होता. काउंटरवरच्या मुलीने त्याला बोर्डिंग पास हाताने लिहून दिला. नाव, सीट नंबर, सगळं निळ्या बॉलपेनने. पुतण्या वैतागला होता, नाना हरखले होते. "पेन!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पेन मी कधीच संपवलं होतं!" आपली चूक एवढ्या आनंदाने कबूल करणारा माणूस विरळा. पास त्यांनी पुतण्याकडून मागून घेतला.

तो त्यांच्या कपाटात आहे. त्या कपाटाला घरात 'स्मशान' म्हणतात. पेजर, सव्वापाच इंची फ्लॉप्या, २००३ साली ५०१ रुपयांच्या योजनेत घेतलेला रिलायन्सचा हँडसेट, डायल-अपचा मोडेम. मोडेमचा तो किंचाळणारा आवाज नाना तोंडाने काढून दाखवतात. सोसायटीतली लहान मुलं खास त्यासाठी येतात. एवढं सगळं संपवलेला माणूस यातलं काहीही भंगारात देत नाही. माईंनी तीन दिवाळ्या प्रयत्न केला, मग नाद सोडला.

पण या कपाटात एक वस्तू नाही, आणि ती का नाही हे कळायला फार दिवस लागतात. १४ जुलै २०१३ला देशातली तारसेवा बंद झाली. नानांनी "तार संपली" असं आदल्या महिन्यापासूनच सांगायला सुरुवात केली होती, आणि त्या रविवारी स्वतः जाऊन रांगेत उभे राहिले. अशा हौशी लोकांची तेव्हा झुंबड उडाली होती. तार केली ती आपल्याच घरी, माईंना. दुसऱ्या दिवशी दुपारी तारवाला दारात उभा राहिला. तार आली म्हणजे कोणीतरी गेलं, या समजुतीत वाढलेली ती पिढी. माईंनी थरथरत्या हाताने कागद उघडला. आत मजकूर: "हिंग संपला आहे. येताना आणतो." हिंग आदल्या रात्रीच आला होता, तारेच्याही आधी. लग्नानंतरच्या तीस वर्षांत नानांनी न सांगता आणलेला तो पहिला जिन्नस. माई आठ दिवस चिडून होत्या. ती तार त्यांच्या गोदरेजच्या कपाटात आहे, पैठणीच्या घडीत.

नाना कोबोलवाले. हे ते फारसं सांगत नाहीत. १९८०च्या सुमारास मुंबईत नोकरीला लागले तेव्हा कोबोल शिकले. बँका, विमा, पगार, पेन्शन यांचा हिशेब ठेवणारी ही १९५९ सालची संगणकाची भाषा. नव्वदीच्या शेवटी कंपनीने त्यांना न्यू जर्सीला पाठवलं, वायटूकेसाठी. जुन्या काळी पंचकार्डावर जेमतेम ऐंशी रकाने, मेमरी सोन्याच्या भावाची. म्हणून लोकांनी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवले. १९५७ म्हणजे ५७. त्या हिशेबाने २००० उजाडलं की ५७ साली जन्मलेला माणूस उणे सत्तावन्न वर्षांचा. नाना स्वतः ५७चेच. दोन वर्षं ते एका तळघरात बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या तारखा शोधत होते. ३१ डिसेंबर १९९९ची रात्र त्यांनी तिथेच काढली, सोबत थर्मासमधला चहा आणि माईंनी पाठवलेला चिवडा. बारा वाजले. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक म्हणायला लागले, वायटूके ही नुसती हूल होती. पडलेला पूल सगळ्यांना दिसतो. न पडलेल्याचा डागडुजीवाला कोण विचारतो?

मग ते परत आले, आणि २००२ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, एका बिनखिडकीच्या मीटिंग रूममध्ये त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मॅनेजरने त्यांना पाणी विचारलं आणि म्हटलं, "सर, कोबोल आता संपलं."

हा शब्द नानांकडे तिथून आला. पुढे निवृत्तीपर्यंत त्यांनी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवलं. जावा शिकवलं.

लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेल्यावर लोक गोल्डन गेट पुलासमोर फोटो काढतात. नानांचा फोटो आहे माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममधला, एका थडग्याच्या दगडाशेजारी. दगड खरा, वर कोरलेलं नाव कोबोल. ही भाषा घडवणारी समिती फार रेंगाळते आहे म्हणून वैतागून आरसीए कंपनीच्या हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी तो विकत घेतला, त्यावर नाव कोरून घेतलं आणि पेंटागॉनमध्ये चार्ल्स फिलिप्स यांना पाठवून दिला. म्हणजे भाषा धड जन्मली नव्हती, तेव्हाच तिचं थडगं तयार होतं. फोटोत नाना थडग्यावर हात ठेवून उभे आहेत, शाळासोबत्याच्या खांद्यावर ठेवावा तसा.

एप्रिल २०२०मध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, बेकारभत्त्याच्या अर्जांखाली न्यू जर्सीच्या जुन्या यंत्रणा कोलमडायला लागल्या आणि गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं, कोबोल येणारे स्वयंसेवक हवे आहेत. नानांनी ती बातमी दोनदा बघितली. त्या दिवशी सव्वासातला काही संपलं नाही. संध्याकाळी त्यांनी एक लांब ईमेल लिहिला. त्यांनीच तीनदा संपवलेल्या ईमेलवर. तो पाठवला नाही. ड्राफ्टमध्ये आहे. हे माईंना माहीत आहे, कारण नानांचा पासवर्ड त्यांच्याच लक्षात असतो.

हल्ली नाना एकाच गोष्टीबद्दल "संपलं" म्हणत नाहीत. अनेक जुने संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद मोजून, आणि तो आकडा ३२ बिटांच्या खणात ठेवतात. हा खण भरेल १९ जानेवारी २०३८ला. मंगळवार, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला ज्यांची दुरुस्ती झालेली नसेल ते संगणक समजतील, की आपण १९०१च्या डिसेंबरात आहोत. नानांनी हे पुतण्याला समजावून सांगितलं, कागदावर आकृती काढून, आणि शेवटी म्हणाले, "सुरुवात आत्तापासून करायला पाहिजे. होईल."

नाना मेमधले. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन नेमकं २०३८च्या त्याच जानेवारीत येतं. माईंनी गुरुजींना मंगळवारी सकाळी नऊची वेळ सांगून ठेवली आहे. नानांनी वहीत नोंद केली आहे, आणि वर्ष चार आकड्यांत लिहिलं आहे.