शेजारीण नको, मोलकरीण चालेल

अहो वहिनी, ऑस्करचं सगळ्या जगाला ठाऊक आहे. मी सांगतेय ती घराची भानगड. जरा जास्वंदीकडे सरका, म्हणजे ओरडावं लागणार नाही.

हॅटी मॅक्डॅनियल हो! ‘गॉन विथ द विंड’ सिनेमातली मॅमी. डोक्याला फडकं बांधून स्कार्लेटच्या नाड्या करकचून आवळते ना, ती. या बाईंनी 1942 साली लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स भागात घर घेतलं. साधंसुधं नाही, सतरा खोल्यांचं! वस्तीला नावच शुगर हिल. आणखी काळी मंडळीही तिथे राहायला आली होती. लुईस बीव्हर्स, एथेल वॉटर्स, सगळ्या सिनेमातल्याच. घरं कशी लख्ख ठेवायच्या. बऱ्याच गोऱ्या शेजाऱ्यांशी त्यांचं जमलंही होतं. पण काहींच्या पोटात दुखायला लागलं. गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही, असा करार पुढे करून त्यांनी कोर्टात दावाच ठोकला.

काय म्हणालात? हो ना, आपल्याकडे तरी दुसरं काय चालतं? आधी आडनाव विचारायचं, मग खोली दाखवायची. माझ्या भाचीला एका घरमालकाने ‘जागा कालच गेली’ म्हणून परत पाठवलं आणि पाटी अजून तशीच लटकतेय.

तर हॅटीबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. दर शनिवारी घरी माणसं जमवायच्या, कोर्टात कसं लढायचं ते ठरवायच्या. सुनावणीला अडीचशेच्या आसपास माणसं घेऊन गेल्या. वकील लॉरेन मिलर. आणि न्यायाधीश, थर्मंड क्लार्क, बघा कसा माणूस! म्हणाला, आधी वस्ती डोळ्यांनी बघतो. जाऊन बघून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दावा फेटाळला. डिसेंबर 1945. असले करार कोर्टांनी राबवायचे नाहीत, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं 1948 मध्ये, म्हणजे त्यानंतर.

मला गंमत याची वाटते, की पडद्यावर हीच बाई गोऱ्यांच्या घरात चुलीपासून माजघरापर्यंत सगळीकडे वावरत होती. स्वयंपाक कर, पोरं वाढव, मालकिणीला चार शब्द सुनाव, सगळं चालायचं. तिने शेजारी बिऱ्हाड थाटलं, की मात्र नको!

आणि शिव्या तरी एकीकडूनच का? तिच्या लोकांमधले पुढारी, वॉल्टर व्हाइटसारखे, म्हणायचे की ही सारखी मोलकरणीच रंगवते, आपली शोभा करते. त्यावर बाईंचं उत्तर म्हणे असं, की खरी मोलकरीण होऊन आठवड्याला सात डॉलर घेण्यापेक्षा खोटी होऊन सातशे घेतलेले काय वाईट! मला विचाराल तर दोघांचंही खरं. पण आईबाप गुलामीत जन्मलेले, आणि स्वतः मिलवॉकीच्या एका क्लबात बायकांच्या स्वच्छतागृहात उभं राहून नोकरी केलेली. तिला सात डॉलरांचा भाव व्हाइटसाहेबांपेक्षा जास्त कळणार. त्याच क्लबात मग गायला लागली. गळा तयारच होता हो, डेन्व्हरला रेडिओवर गायलेली, ब्लूजच्या तबकड्या निघालेल्या.

संसाराचं म्हणाल तर चार लग्नं, एकही टिकलं नाही. पन्नाशीत दिवस गेल्याची बातमी पसरली, बाळाचे कपडे आले, आणि डॉक्टर म्हणाले, काही नाही. ते सोडा, त्यावर बोलवत नाही.

पार्ट्या मात्र काय द्यायची! ‘गॉन विथ द विंड’चा नायक क्लार्क गेबल हटकून यायचा. एका प्रसंगात तिच्या प्याल्यात चहाऐवजी त्याने खरी दारू ओतली होती म्हणे, आणि बाई पिऊन मोकळी! त्या सिनेमाच्या अटलांटातल्या पहिल्या खेळाला काळ्या नटांना मज्जाव होता, म्हणून हाही जायला तयार नव्हता. तिनेच त्याची समजूत घातली म्हणतात. आणि 1940 च्या ऑस्करच्या रात्री तरी काय, हॉटेलात काळ्यांना प्रवेशच नाही. निर्मात्याने रदबदली केली तेव्हा कुठे हिला आत घेतलं, तेही बाकीच्या नटमंडळींपासून लांब, भिंतीकडेच्या छोट्या टेबलावर. ऑस्कर जिंकणारी पहिली काळी व्यक्ती! दुसऱ्या काळ्या बाईला, हूपी गोल्डबर्गला, ते मिळालं थेट 1991 मध्ये.

1952 मध्ये गेली. हॉलीवूडच्या दफनभूमीत जागा हवी होती तिला, तिथेही नकार. शुगर हिलमधून पुढे मोठा हमरस्ता काढला, कितीतरी घरं गेली.

आणि ते ऑस्कर! सहकलाकारांना तेव्हा बाहुली नव्हे, छोटी पाटी द्यायचे. तिने मृत्युपत्रात ती हॉवर्ड विद्यापीठाला ठेवली, आणि तिथून ती गायब! कुणी म्हणतं चोरली, कुणी म्हणतं कुठेतरी खोक्यात पडली असेल. अकादमीने 2023 मध्ये नवी करून दिली. पण मूळची गेली कुठे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुमचा अंदाज काय?