उजनी प्लसमध्ये आली की

अप्पांनी कूलर घेतला तेव्हा सोलापुरात पाऊस लागला होता. होळीपासून नुसती चौकशी चाललेली: पंप कुठला, जाळी गवताची का हनीकोंबची, बॉडी पत्र्याची का फायबरची. आमच्या गावात हा वाण मुबलक आहे. चाटी गल्लीत अकरा चादरी उलगडायला लावून शेवटी एक नॅपकिन घेऊन बाहेर पडणारा गृहस्थ दिसला, तर तो अप्पांच्याच कुळातला समजावा.

गोव्याच्या खाडीत भाड्याच्या कयाकमध्ये अर्धा तास बसून आले आणि अप्पांनी जाहीर केलं, "आपली स्वतःची घ्यायची."

"नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या गावात होडी?" काकू म्हणाल्या.

"नळात चालवायची नाही. उजनीत."

उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. अप्पांच्या मते तेव्हापासून सोलापूर हे समुद्रकाठचंच गाव आहे, लोकांच्या अजून लक्षात आलेलं नाही इतकंच.

मग वही निघाली. पहिला प्रश्न, आत बसायची का वर बसायची? आत बसायची कयाक मूळ एस्किमोंची, सीलच्या कातड्यानं मढवलेली. बर्फाळ पाण्यात कंबरेखाली ऊब राहावी म्हणून. चव्वेचाळीस अंशांत तिच्यात बसलो तर उकडलेल्या शेंगेसारखे बाहेर येऊ, हे अप्पांनीच ताडलं. म्हणून वर बसायची. तिला तळापर्यंत आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी त्यातून आपोआप खाली जातं. हे ऐकून काकू चपात्या लाटायच्या थांबल्या. "पैसे मोजून भोकाची होडी आणणार?" पुढचा आठवडा अप्पा जेवणाच्या ताटात पाणी ओतून तरंगण्याचं शास्त्र समजावत होते. ताटाला भोकं नसल्यामुळे ते कुणाला पटलं नाही.

लांबीचा तिढा याहून वाईट. दहा फुटी चटकन वळते पण सरळ रेषेत जात नाही; चौदा फुटी सरळ जाते पण जिन्यात वळत नाही. वजन वीस-पंचवीस किलो. मारुतीच्या टपावर चढवायला चार हात हवेत आणि अप्पांच्या दोन हातांतला एक कायम कमरेवर. हवा भरायची घेतली तर हलकी, घडी करून कपाटात ठेवता येते. पण उजनीच्या काठाला वेडी बाभूळ! तिचा काटा चप्पल भेदून टाचेत जातो, तिथं रबराची काय कथा? वजन पेलण्याच्या हिशोबात त्यांनी स्वतःचे ब्याऐंशी किलो धरले, शिवाय कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे दोन किलो वेगळे. दोन जणांची घ्यावी का, यावर काकूंचं मत विचारलं. उत्तर वहीत नोंदवलेलं नाही.

धरणावर जाऊन एका मच्छीमाराचाही सल्ला घेतला. त्यानं चित्र उभं-आडवं धरून पाहिलं. "ह्यात मासं कुठं ठिवायचं?"

"मासे धरायचे नाहीत."

"मग पाण्यात जायचं कशाला मालक?" या प्रश्नापुढं अप्पांनी अख्खं पान कोरं सोडलंय.

अखेर ठरलं, की उजनी प्लसमध्ये आली की घ्यायची. सोलापूरकराला याचा अर्थ सांगायला नको. धरणाचा साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 हून अधिक मृत. पाणी त्याखाली गेलं की धरण 'मायनस'मध्ये. मी म्हटलं, "अप्पा, मायनस पन्नास टक्के झालं तरी पस्तीस टीएमसीच्या वर पाणी उरतं. तुमच्या होडीला वीतभर लागतं."

"मृत साठ्यात बसू का बे मी? नाव तरी ऐक."

यथावकाश धरण प्लसमध्ये आलं, भरलंही. लगेच भीमेत विसर्ग सुरू झाला, पंढरपूरच्या घाटाला पाणी लागलं. अशा दिवसांत शहाणा माणूस उतरत नाही. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांना त्रास नको. मग उन्हाळा. मग पुन्हा मायनस.

पण सगळंच वाया गेलं असं नाही. पुण्याच्या एका दुकानात तिसऱ्या खेपेला तिथल्या पोराचा चेहरा बघून अप्पांना लाज वाटली आणि त्यांनी एक वल्हं घेतलं. दोनशे तीस सेंटीमीटरचं, दोन्हीकडे पातं, मधून जोडायचं. उंचीला अगदी बरोबर. ते मात्र मोजून घेतलंय. शेवग्याच्या शेंगा पाडायला काकू ते बिनबोभाट वापरतात.

परवा पहाटे नळ आला. गच्चीवर अप्पा टाकीचं झाकण उघडून वल्हं आत बुडवत होते. बाहेर काढून ओल कुठवर आलीय ते पाहिलं, आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन खाली ओरडले, "अगं, मोटार बंद कर! प्लसमध्ये आली!"