तीन तासांचे सर

डॉक्टरकी चालू ठेवून वकिलीची सनद मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगून टाकले. दोन्ही पेशे माणसाचा पूर्ण वेळ मागतात, हे कारण. मास्तरकी मात्र तेवढी हावरट नसावी. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे वकिलाला वकिली सांभाळून कायदा शिकवता येतो. फक्त दिवसाला तीन तासांच्या वर नको. तीन तास शिकवले तर वकील शाबूत, सव्वातीन झाले की पेशाची प्रतिष्ठा धोक्यात. खंडणी आणि बेनामी जमिनीच्या बाजूने दिवसभर उभे राहायला तासांची मर्यादा नाही.

नागपुरात हा नियम इतक्या निष्ठेने पाळला जातो की कोणी तीन तास पुरे केल्याचेही ऐकिवात नाही. सकाळी साडेसातला वकील-सर वर्गात येतात. बँड खिशातून अर्धा बाहेर, एका हातात हजेरीपट, दुसऱ्यात मोबाइल.

"अबे, आपलं मॅटर बोर्डावर कितवं आहे?"

"सातवं, सर."

"पासओव्हर मागून ठेव. मी पोहोचलोच."

पोहोचलोच म्हणजे अजून गाडीची किल्ली सापडायची आहे. भारतीय साक्ष अधिनियम पुढच्या तासावर जातो. पोरांना पुरावा अर्धाच समजतो. तहकुबी मात्र पहिल्याच सत्रात तोंडपाठ होते.

याच शहरात मोहम्मद हिदायतुल्ला १९३५ ते १९४३ या काळात वकिली करता करता विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात शिकवत होते. १९६८ साली ते देशाचे सरन्यायाधीश झाले. हरिसिंग गौर इथे वकिली करायचे. दंड संहितेवर जाडजूड ग्रंथ लिहून ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आणि विद्यापीठाच्या लॉ कॉलेजला आज ज्यांचे नाव आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत हायकोर्टाची वकिली सांभाळून १९२८ पासून शासकीय विधी महाविद्यालयात शिकवत होते. १९३५ साली तिथलेच प्राचार्य झाले.

आज हे तिघे अर्ज घेऊन आले, तर खिडकीवरचे बाबू म्हणतील, "पूर्णवेळ पगार पाहिजे? मग सनद स्थगित केल्याचा कागद लावा. सनद सोडवत नाही? मग सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर या. तासाचे पैसे ग्रँट आल्यावर."

पूर्णवेळ प्राध्यापकाची गोष्ट वेगळी. नेट झाले, पीएच.डी. झाली, पगार सुरू झाला आणि सनद खुंटीला लागली. आता ते उलटतपासणी शिकवतात. स्वतः पाहिली ती सिनेमात. वकिलाने रात्रभर जागून चाळीस निवाडे पालथे घातले आणि जामिनाचा अर्ज लिहिला, तर ते संशोधन नव्हे. त्याने फक्त माणूस सुटतो. त्याच चाळीस निवाड्यांवर प्राध्यापकांनी बारा पानांचा शोधनिबंध लिहिला, तो त्यांनी आणि प्रूफ तपासणाऱ्याने वाचला, की पदोन्नतीच्या फाइलीत गुण जमा. त्याने प्राध्यापक सुटतात.

यावर यूजीसीने २०२२ साली उतारा काढला: प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस. पंधरा वर्षांचा अनुभव आणा, पीएच.डी. विचारणार नाही. वकिलांची कळी खुलली. पण पूर्णवेळ पगार घेतला की बार कौन्सिलचा नियम आहेच, सनद थांबवा. म्हणजे वकिली येते म्हणून घेतले आणि घेतले म्हणून वकिली बंद केली!

राहता राहिले विद्यार्थी. वर्गात शंका काढली की वकील-सर खांद्यावर हात ठेवून सांगतात, "हे पुस्तकात नाही रे मिळत, कोर्टात ये, तिथेच शिकशील." पोरगा पास होतो, सनद काढतो, फाइलींचा गठ्ठा उचलून सिनियरच्या मागे जिल्हा न्यायालयाचे जिने चढतो. पहिल्याच अर्जात चूक सापडते आणि सिनियर कडाडतात, "कॉलेजात काय शिकवलं बे तुला?"

सर आणि सिनियर एकच असतात. इथे फक्त कोट चढवलेला असतो.